गंगाराम मिस्त्रीचे डबे

गाडीचं चाक काढून ब्रेकचा ड्रम उघडला, की जगातला कुठलाही मिस्त्री आधी फुंकर मारतो. हवेचा पाइप असेल तर पाइपानं, नसेल तर गाल फुगवून तोंडानं. करडी भुकटी भस्सकन उडते, मिस्त्री दोनदा खोकतो, गाडीमालक दस्तीनं तोंड पुसतो आणि मग दोघं मिळून चहा मागवतात. आमच्या गावच्या गंगाराम मिस्त्रीची तऱ्हा वेगळी होती. ड्रमला हात लावण्याआधी तो कपाशीवर फवारायचा पंप पाठीवर चढवायचा, तोंडाला ओली दस्ती बांधायचा, चाकाखाली भिजवलेलं पोतं अंथरायचा आणि मागं वळून ओरडायचा, "बाजूला व्हा! श्वास धरा!"

मी गावात पहिल्यांदा आलो तो असा श्वास धरूनच. ग्रामपंचायतीत कारकून म्हणून नेमणूक झाली होती, सेनगावहून जीपनं निघालो होतो. वाटेत ब्रेक किंचाळायला लागले म्हणून ड्रायव्हरनं गावाच्या तोंडाशीच, पत्र्याच्या एका शेडसमोर गाडी लावली. आत चौदा, मागं लोंबकळणारे चार आणि टपावर एक बोकड घेऊन बसलेले दोघं, असे आम्ही सगळे उतरलो आणि त्या हुकमासरशी गप उभे राहिलो. बोकड तेवढा श्वास घेत होता. पंपातून साबणाचं पाणी सुटलं, ड्रममधली भुकटी चिखल होऊन पोत्यावर ओघळली, मिस्त्रीनं ती पत्र्याच्या तुकड्यानं निरपून ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरली. मग ओल्या चिंधीनं ड्रम पुसला आणि ती चिंधीही डब्यात टाकली. दुसरीकडे अर्ध्या मिनिटात होणाऱ्या कामाला इथं अर्धा तास गेला.

"मिस्त्री, ब्रेक करून राहिले का बाळंतिणीचं लेकरू न्हाऊ घालून राहिले?" ड्रायव्हर म्हणाला.

"घाई असंल तर हिंगोलीला जा. तिथं फुकून देतेत," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीचा स्वभाव गोड होता असं लिहिलं तर गावातलं कुणीही ते खरं मानणार नाही. माणूस खडूस होता. उंच, किडकिडीत, मिशी कायम ओल्या दस्तीखाली चपटी झालेली. बबन नावाचा एक जीपवाला होता. त्यानं एकदा मुद्दाम खोडी काढली. मिस्त्री पंपात पाणी भरत होता तेवढ्यात यानं उघड्या ड्रमवर जोरात फुंकर मारली आणि हसत बसला. मिस्त्रीनं ड्रम होता तसा बसवला, चाक चढवलं, नट आवळले, जॅक काढला आणि म्हणाला, "जा आता. तुजी फुंकर लई जोरदार हाय. उतार लागला की तीच मारजो." बबन हातापाया पडला, पण मिस्त्रीनं पुढं चार महिने त्याच्या गाडीला हात लावला नाही. बबन त्या दिवशी पहिल्या गिअरमध्ये सेनगावला गेला आणि पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

ब्रेक दाबला की ड्रमला आतून घासणारी पट्टी म्हणजे लायनर; तिच्यावरून मिस्त्रीचा एक ठरलेला प्रश्न होता. "लायनर झिजते ना? झिजून जाते कुटं?" हा प्रश्न त्यानं शाळेच्या मास्तरांना विचारला, आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना विचारला, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याच्या ड्रायव्हरला विचारला आणि मला तर दर भेटीत विचारला. मास्तर म्हणाले, हवेत जाते. "हवेतून कुटं जाते?" मास्तर म्हणाले, मला तास आहे. मिस्त्री नखात अडकलेला ओला करडा कण माझ्यासमोर धरायचा आणि म्हणायचा, "भाऊसाहेब, लोकायला वाटते झिजलं म्हंजे संपलं. ह्ये बघा. संपलं का?" खरं तर गावात भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. पण ते परभणीला राहून गावचा कारभार बघत असल्यामुळे हजर असलेला भाऊसाहेब मीच होतो.

गावानं त्याला कशावरून जास्त छळलं असेल तर कपड्यांवरून. संध्याकाळी शेडच्या मागं, तट्ट्याच्या आडोशाला तो कामाचे कपडे उतरवायचा, घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचा, स्वतः धुवायचा, तिथंच वाळत घालायचा आणि दुसरा धुतलेला जोड घालून घरी जायचा. बाप्या माणूस कपडे धुतो हे आमच्या गावात ग्रहणासारखं बघायला जमण्याचं काम होतं. पारावर बसलेले त्याला बायकोचा गडी म्हणायचे. मी नवा होतो, गावात मिसळायचं होतं, म्हणून मीही म्हणायचो.

त्यामागचं कारण मला त्याच्या बायकोनं, कौसल्यावहिनीनं सांगितलं. घरपट्टीची नोटीस द्यायला गेलो होतो, तिनं चहा टाकला. चहा गाळताना दोनदा थांबून ती खोकली. मी आपलं वडीलधाऱ्या थाटात म्हणालो, धुराचा त्रास दिसतो. ती हसली. "धूर न्हाई भाऊसाहेब. ह्यांचे कपडे."

मिस्त्री आधी सात वर्षं हिंगोलीला एका गॅरेजात कामाला होता. रोज जीपनं जायचा, रोज परत यायचा. तिथं हवेच्या पाइपानं ड्रम साफ व्हायचे. घरी आला की शर्ट-पॅन्ट खुंटीला, आणि सकाळी वहिनी ते अंगणात नेऊन झटकायची. करडी धूळ इतकी निघायची की शेजारीण ओरडायची. त्या गॅरेजचे उस्ताद खोकून खोकून गेले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, उस्ताद विड्या ओढायचे. पण पुढं त्यांची बायकोही तशीच खोकायला लागली. ती विडी ओढत नव्हती आणि गॅरेजात तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मिस्त्री तिला नांदेडला दाखवायला घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून बघितला आणि तिला विचारलं, "घरात मालकाचे कपडे कोण झटकायचं?"

"ती म्हनली, मीच. आन् ह्ये तिथं उभे होते," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी घरी आले ते अंगणातच उभे. आत येईनात. मला म्हनले, पाणी दे, आन् लांब सरक. दुसऱ्या दिसापासून हिंगोली सोडली. तवापासून कपड्याला मला हात लावू देत न्हाईत. जगात नवऱ्याचे कपडे धुवायला न मिळालेली मी एकलीच असंल." असं म्हणून ती पुन्हा हसली आणि पुन्हा खोकली. सात वर्षांची धूळ तिच्या छातीत आधीच जाऊन बसली होती. ती काढायचा पंप कुणाकडे नव्हता. मिस्त्रीला ते ठाऊक होतं, आणि आता ती भुकटी आणखी कुणाच्या घरात जाऊ नये एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. चहा पिऊन मी पारावर गेलो. तिथं पुन्हा बायकोचा गडी हाच विषय निघाला. मी हसलो नाही एवढंच, त्यांना सांगितलं काही नाही.

भुकटी पकडणं मिस्त्रीला जमलं होतं. पकडलेली टाकायची कुठं, हे जमत नव्हतं. भरलेल्या डब्यावर तो सिमेंट ओतायचा, ते घट्ट झालं की लाल रंगानं आकडा घालायचा. शेडच्या मागं अशी रांग वाढत चालली. उकिरड्यावर टाकावी तर शेणखताबरोबर रानात जाणार. नदीत टाकावी तर खालची गावं पाणी पितात. स्वतःच्या वाट्याचं रान एवढंसं, तेही भावांच्या विहिरीला लागून. म्हणून त्यानं ग्रामपंचायतीत अर्ज केला. गायरानाच्या माळाकडच्या कोपऱ्यात दोन परस, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा खोल खड्डा, विहिरीपासून लांब, एवढीच मागणी.

तो अर्ज मीच लिहून दिला आणि मीच आवक करून घेतला. पुढं तो वर गेला. आरोग्यवाल्यांनी लिहिलं, विषय बांधकामाचा आहे. बांधकामवाल्यांनी लिहिलं, विषय वाहनांचा आहे. वाहनवाल्यांनी लिहिलं की अर्जदाराकडे वाहन नाही. तेवढ्यात परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि अर्ज परत आला, कारण त्यावर जिल्हा परभणी लिहिलेलं होतं. मी नवा अर्ज लिहिला, तो नव्या जिल्ह्यात नव्या टेबलांवरून फिरला आणि "योग्य त्या कार्यवाहीस्तव" असा शेरा घेऊन माझ्याकडेच आला. मी तो संकीर्णच्या फायलीत लावला. त्या फायलीत मी तोवर अनेक योग्य कार्यवाह्या लावल्या होत्या.

ग्रामसभेत मिस्त्रीनं विषय काढला तेव्हा सरपंच उत्तमराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "मिस्त्री, धूळच हाय ना? आपला सगळा तालुकाच धूळ हाय. पुरायला लागलो तर तालुका पुरावा लागंल." सभा खदखदून हसली. कुणी विचारलं डब्यात तूप तर नाही ना, कुणाला वाटलं खड्ड्याच्या नावाखाली गायरान बळकावायचा डाव आहे. मिस्त्री उभाच होता. "उत्तमराव, झिजून जाते कुटं, त्येवढं सांगा. मंग मी बसतो." सभा पुन्हा हसली, आणि वहिनीकडून सगळं ऐकलेलं असूनही मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. इतिवृत्तात मी लिहिलं, चर्चा झाली.

अशी आठ वर्षं गेली. मग चैत्रातली ती तूर आली.

सरपंचांच्या घरी गॅस येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावात त्याचं केवढं कौतुक. नाराज होत्या फक्त सरपंचांच्या आई, थोरल्या बाई. त्यांची तक्रार अशी, "गॅसला राखच न्हाई, कसला मेला चुल्हा!" आमच्याकडे तूर, मूग, चवळी साठवायची तर राख चोळून साठवतात, म्हणजे कीड लागत नाही. चुलीशिवाय राख आणायची कुठून? शेजारणी देत होत्या, पण सरपंचाच्या आईनं ओंजळभर राख मागत फिरायचं, हे बाईंना सोसत नव्हतं. एके दिवशी त्या जीपमध्ये बसून मिस्त्रीच्या शेडवरून चालल्या होत्या. मिस्त्री सिमेंट आणायला हिंगोलीला गेला होता. सिमेंट संपल्यामुळं दोन भरलेले डबे उघडेच होते आणि उन्हानं आतला चिखल वाळून, तडकून, अगदी वस्त्रगाळ झाला होता. बाईंनी बोटानं चिमूट चोळून बघितली. असली राख त्यांनी जन्मात बघितली नव्हती. ड्रायव्हरला म्हणाल्या, उचल.

सिमेंट मिळायला एक दिवस मोडला, मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. रांगेतले दोन डबे नाहीत म्हटल्यावर त्यानं सिमेंटचं पोतं तिथंच टाकलं. समोरच्या पानवाल्यानं हसत हसत सांगितलं. मी त्या वेळी सरपंचांच्या वाड्यावर सह्या घ्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. ती भुकटी चोळलेली दोन पोती तूर अंगणात ओतलेली. नातवाचं जावळ दोन दिवसांवर आलेलं, त्यातली निम्मी भरडायची होती. तीन सुना सूप घेऊन पाखडायला बसलेल्या. पहिलं सूप वर उचललं गेलं तोच दारातून आवाज आला, "सूप खाली ठेवा! श्वास धरा!"

पाठीवर पंप, तोंडाला दस्ती. गंगाराम मिस्त्री सरळ अंगणात घुसला आणि सरपंचांच्या तुरीवर साबणाचं पाणी फवारायला लागला. सुना किंचाळत घरात पळाल्या. थोरल्या बाईंनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. उत्तमराव बनियनवर बाहेर आले, समोर दोन पोती तूर फेसाळून पडलेली.

"गंग्या, येडा झाला का तू? काय करून राहिला?"

"तूर फेकावी लागंल, उत्तमराव. सगळी."

"धुऊन खाऊ की!"

"खायाचं सोडा. पाखडताना कुणाच्या नाकात जाईल त्ये बगा." पंपाचा दट्ट्या हलवतच तो बोलत होता. "ही माज्या घरात गेली हाय, उत्तमराव. कौशीच्या छातीत जाऊन बसली. मीच नेली, सात वर्सं, आंगावर घालून. तुमाला हसू येते तर हसा. पण ह्या पोरी आतच ऱ्हाऊ द्या, आन् त्या लेकराला उचला आदी."

जावळाचं लेकरू खरंच तुरीच्या ढिगाच्या कडेला बसून मूठ तोंडात घालत होतं. उत्तमरावांनी धावत जाऊन त्याला उचललं आणि त्याची मूठ सोडवली. लेकराची बोटं पुसत उत्तमराव अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "काल दोन पायल्या पाखडल्या हो ह्यांनी. काय होईल?"

"आज काय न्हाई होणार. उद्या बी न्हाई. हीच तर बदमाशी हाय तिची," मिस्त्री म्हणाला.

आठ वर्षं ज्या कागदाला खातं सापडलं नव्हतं त्याला त्या दुपारी ते सापडलं. संकीर्णच्या फायलीतून तो मीच काढला, धूळ झटकली, ठराव लिहिला, आणि सदस्यांच्या सह्या तर लोक शेतातून येऊन करून गेले. गायरानात जागा आहे, विहीर लांब आहे, तज्ज्ञांचं मत घ्यायची गरज नाही. सगळं एका बैठकीत. तिसऱ्या दिवशी खड्डा तयार. मिस्त्रीनं आपल्या घरची तूर जावळासाठी आणून दिली, ती सरपंचांनी ठेवून घेतली.

खड्ड्याला नारळ फोडला उत्तमरावांनी. हार, फोटो, आणि चार दिवसांनी हिंगोलीच्या एका साप्ताहिकात सरपंचांचा अभिनव उपक्रम म्हणून बातमी. फोटोत उत्तमराव मध्ये, मी डावीकडे छाती काढून उभा, आणि मागं पंपाची नळी दिसते. पंप ज्याच्या पाठीवर होता त्याचं डोकं फोटोत मावलं नव्हतं. मिस्त्रीनं साप्ताहिक हातात घेतलं, फोटो बघितला आणि विचारलं, "भाऊसाहेब, सेनगावचे गॅरेजवाले फुकूनच देतेत ना अजून?" मी म्हणालो, देतात. त्यानं साप्ताहिक परत दिलं आणि उरलेले डबे खड्ड्यात उतरवायला गेला. तुरीची पोतीही त्यातच गेली. वर एक परस मुरूम आणि माती त्यानं स्वतः उभं राहून दाबून घेतली.

पुढच्या दोन हिवाळ्यांत वहिनीचं चालणं कमी होत गेलं. आधी पाण्याचा हंडा सुटला, मग अंगण, मग आडवं पडून झोपणं. मिस्त्री नांदेडच्या खेपा करत राहिला. भाकरी थापायला शिकला, तिची वेणी घालायला शिकला. पारावरचे लोक आता त्याला काही म्हणत नव्हते. मी एकदा बघायला गेलो तर वहिनी उशांना टेकून बसली होती आणि खुणेनं मला भाकरी दाखवत होती. भाकरी एका बाजूनं करपलेली होती. "बगा भाऊसाहेब," तिनं दम घेत घेत सांगितलं, "कपडे बरे धुतेत. भाकरीचं... काय खरं न्हाई." मिस्त्री चुलीपाशी पाठ करून बसला होता, तो वळला नाही.

ती गेली. दिवसकार्य झाल्यावर मिस्त्रीनं शेडचे पत्रे उतरवायला घेतले. मुलगी शिरड शहापूरला दिली होती, तिच्याकडं जाणार होता. जाण्याआधी तो मृत्यूची नोंद करायला कचेरीत आला. धुतलेला सदरा, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. मी रजिस्टर उघडलं. नाव, नवऱ्याचं नाव, वय, तारीख. मग मरणाचं कारण.

"काय लिवता?"

"डॉक्टरांनी दमा दिलाय."

"दमा कशाचा?"

"ते लिहायला लागत नाही, मिस्त्री."

"लागत न्हाई, का लिवता येत न्हाई?" तो टेबलावर वाकला. आवाज चढलेला नव्हता. "भुकटी लिवा. ब्रेकच्या लायनरची. न्हाई तर असं लिवा, नवऱ्याचे कपडे झटकून गेली. खरं त्येच हाय. कुटं तरी लिवलेलं पाह्यजे, भाऊसाहेब. न्हाई तर उद्या लोक म्हनतीन, दमा होता बाईला."

मी त्याला समजावलं. असं कारण यादीत नाही. वर पाठवलं तर चौकशी लागेल, कागद परत येईल, तुलाच हेलपाटे. त्याला कागद परत येणं काय असतं हे माझ्याकडून शिकायची गरज नव्हती. तो ऐकत राहिला, पण बघत होता रजिस्टरकडे. आडव्या ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथं काहीही लिहिता येतं. मी स्वतः त्यात "उशिरा नोंद", "पत्ता अपूर्ण" असलं कितीतरी लिहिलं होतं. तो रकाना रिकामा होता. मला दिसत होता आणि मिस्त्रीलाही दिसत होता. त्यानं त्यावर बोट ठेवलं, काळं, तेल मुरलेलं बोट, आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "तिथं लिहीत नसतात."

त्यानं बोट काढून घेतलं, दाखवलेल्या जागी सही केली आणि गेला. मी दमा लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.